वितळणारी अक्षरं, थरथरणारे रंग: सायकेडेलिक चित्रं डोळ्यांशी काय करतात?

काही वर्षांपूर्वी साताऱ्याची मावशी मुंबईला आली होती. चर्चगेट स्टेशनच्या बाहेर मी टॅक्सी शोधत होते आणि ती मान वर करून पश्चिम रेल्वेच्या इमारतीकडे बघत उभी होती. ब्राझीलच्या एदुआर्दो कोब्रा या चित्रकाराने त्या उंच भिंतीवर गांधीजी रंगवलेत. साधे गांधीजी नाहीत. पिवळे, गुलाबी, निळे, हिरवे त्रिकोण-चौकोन एकमेकांवर सांडावेत आणि त्यातून ओळखीची आकृती उभी राहावी, तसे.

"अगं, यांच्यावर एवढे रंग का गं ओतलेत?" मावशीने विचारलं. मग थोडं थांबून म्हणाली, "वाईट नाहीये. पण नजर ठरत नाही."

मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे तिला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे. कारण "नजर ठरत नाही" या तीन शब्दांत तिने या सगळ्या प्रकारच्या चित्रांचं मर्मच पकडलं होतं. उड्डाणपुलाखालच्या भिंती, कॅफेतली पोस्टरं, टी-शर्ट, गाण्यांच्या अल्बमची कव्हरं, आणि आता मोबाइलवर कॉम्प्युटरने तयार केलेली चित्रं, सगळीकडे हे दिसतं: डोक्यातून झाड उगवलेली बाई, वितळत खाली ओघळणारी अक्षरं, डोळ्यांच्या आत डोळे, गरगरणारी चक्रं. बघणाऱ्याला दोनच गोष्टी सुचतात. एक, "हे नशेत काढलेलं दिसतंय." दोन, "यात काहीतरी खोल अर्थ असणार, आपल्याला कळत नाही." मला दोन्ही पटत नाहीत. ही चित्रं डोळ्यांवर कशी काम करतात ते समजून घेता येतं. त्यासाठी कलेची पदवी लागत नाही.

आधी तीन शब्द

या विषयात तीन शब्द सतत एकमेकांत मिसळले जातात. ते एकदा वेगळे केले की पुढचं सोपं आहे.

अतिवास्तववादी, म्हणजे सररिअल. वस्तू ओळखीच्या, पण त्यांची सांगड स्वप्नातल्यासारखी. घड्याळ खरं, फांदीही खरी, पण घड्याळ ओल्या कपड्यासारखं फांदीवर वाळत घातलेलं.

सायकेडेलिक. इथे वस्तूंपेक्षा बघण्यातच फेरफार होतो. रंग भडकतात, रेषा लाटांसारख्या हलतात, आकार पुन्हा पुन्हा उमटत राहतात. हा शब्द हम्फ्री ऑसमंड या मानसोपचारतज्ज्ञाने 1956 मध्ये घडवला. ग्रीक भाषेतले 'मन' आणि 'प्रकट करणे' हे दोन शब्द त्याने जोडले.

पॉप आर्ट. बाजारातल्या गोष्टी उचलून त्यांचीच कला करायची: सुपाचे डबे, कॉमिक्स, सिनेनट्यांचे फोटो, जाहिराती.

रस्त्यावरच्या भिंतीवर आज जे दिसतं, त्यात बहुतेक वेळा तिन्ही असतात. कल्पना अतिवास्तववादाची, रंग सायकेडेलिक आणि वस्तू पॉपच्या.

मुंगीने सूर्य गिळला

अतिवास्तववाद ही पॅरिसची गोष्ट. आंद्रे ब्रेतों या कवीने 1924 मध्ये त्याचा जाहीरनामा लिहिला. ब्रेतोंचं शिक्षण वैद्यकीचं. पहिल्या महायुद्धात मनावर आघात झालेल्या सैनिकांच्या इस्पितळात त्याने काम केलं होतं. त्या माणसांचं बोलणं, त्यांची स्वप्नं, त्यातल्या तुटक पण विलक्षण प्रतिमा त्याने जवळून ऐकल्या होत्या. जागेपणीच्या शिस्तीखाली मनात बरंच काही दडलेलं असतं, ते तसंच्या तसं वर येऊ द्यावं, हा त्याचा आग्रह होता.

पण मराठी वाचकाला अशा प्रतिमा समजावून घ्यायला पॅरिसला जायची गरज नाही. मुक्ताबाईंचा अभंग आपण लहानपणापासून ऐकत आलोय: "मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्याशी." मुंगी माहीत आहे, आकाश माहीत आहे, सूर्यही माहीत आहे. वाक्य व्याकरणाने चोख आहे. तरी मनाला ठेच लागते आणि त्या ठेचेसरशी आपण थांबतो. मुक्ताबाईंचा हेतू अध्यात्माचा होता, पॅरिसकरांचा नव्हता, दोघांचा एकमेकांशी काही संबंधही नाही. पण ओळखीच्या गोष्टींची अनोळखी सांगड घातली की मन जागं होतं, ही युक्ती मात्र तीच.

या युक्तीचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण चित्रच नाही, ती एक वस्तू आहे. मेरेट ओपेनहाइम या तरुणीने 1936 मध्ये चहाचा कप, बशी आणि चमचा घेतला आणि तिन्हींवर हरणाची केसाळ कातडी चढवली. बस्स, एवढंच. आता डोळे मिटून तो वाफाळता कप ओठांना लावून बघा. ओठांना ओले केस लागतात ना? अंगावर काटा येतो. तिने तुम्हाला काहीही सांगितलेलं नाही, अर्थ समजावलेला नाही, तरी तुमच्या शरीराने उत्तर दिलं. "याचा अर्थ काय?" हा प्रश्न अशा वेळी थोडा बाजूला ठेवावा. "हे बघून मला काय झालं?" हा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे.

साल्वादोर दालीचं वितळत्या घड्याळांचं चित्र सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. 1931 चं ते चित्र प्रत्यक्षात केवढं आहे माहितेय? 24 बाय 33 सेंटिमीटर, शाळेच्या चित्रकलेच्या वहीच्या पानाएवढं. त्यातली प्रत्येक कड अशी बारकाईने रंगवलेली आहे की अशक्य गोष्ट शक्य वाटायला लागते. अतिवास्तववादी चित्राला हातात कसब लागतं ते इथे. घड्याळ वितळलेलं पटायचं असेल तर आधी ते घड्याळ म्हणून पटायला हवं.

या दालीचा मुंबईशी एक खराखुरा धागा आहे. तेव्हा मुंबईतून चालणाऱ्या एअर इंडियाने 1967 मध्ये त्याच्याकडून खास प्रवाशांना भेट द्यायला एक अ‍ॅशट्रे बनवून घेतला. शिंपल्यासारखी तबकडी, आणि तिला आधार देणारी आकृती एका बाजूने बघितली तर हंस, उलटी केली तर हत्तीचं डोकं. मानधन म्हणून दालीने पैसे नाही, हत्तीचं पिल्लू मागितलं. आणि एअर इंडियाने ते बंगलोरहून खरंच विमानाने युरोपला पाठवलं.

1966, सॅन फ्रान्सिस्को: वाचता न येणारी पोस्टरं

आता रंगांकडे येऊ. आज "सायकेडेलिक" म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं, त्यातलं बरंचसं एका शहरात दोन-तीन वर्षांत घडलं. फिलमोर आणि अ‍ॅव्हलॉन नावाची दोन नाचगाण्याची सभागृहं होती. तिथे दर आठवड्याला रॉक संगीताचे कार्यक्रम व्हायचे आणि दर कार्यक्रमाचं पोस्टर निघायचं. पोस्टर विजेच्या खांबांवर, दुकानांच्या काचांवर लागायचं. म्हणजे ही मुळात संग्रहालयातली कला नव्हती. आपल्याकडे नाटकाची जाहिरात लागते, तसलंच काम.

वेस विल्सन नावाचा तरुण ही पोस्टरं करत होता. 1966 च्या जुलैमधलं त्याचं एक पोस्टर बघा. हिरव्या पार्श्वभूमीवर लाल ज्वाळा उसळतायत. दहा-पंधरा सेकंद बघत राहिलं की हळूहळू लक्षात येतं, अरे, ज्वाळा नाहीत, ही अक्षरं आहेत! बँडची नावं आहेत. अक्षरं ताणून, फुगवून, एकमेकांत घट्ट बसवून त्याने ज्वाळेचा आकार भरून काढला होता. फिलमोर चालवणारा बिल ग्रॅहम याची तक्रार होती की हे वाचताच येत नाही. विल्सनचं म्हणणं, म्हणूनच तर लोक थांबतील.

आणि लोक थांबले. इतके, की लावलेली पोस्टरं संध्याकाळपर्यंत खांबावरून गायब होऊ लागली. लोक ती घरी नेऊन भिंतीवर लावायचे. जाहिरातीचा जुना नियम असा की धावत्या माणसाला एका नजरेत वाचता आलं पाहिजे. विल्सनने तो उलटा केला: धावत्या माणसाला थांबवायचं.

या अक्षरांचा उगम मात्र कुठल्याही नशेत नव्हता. 1965 च्या नोव्हेंबरमध्ये शेजारच्या बर्कली विद्यापीठात जुन्या जर्मन पोस्टरांचं प्रदर्शन भरलं होतं. विल्सनच्या अक्षरांवर सगळ्यात मोठी छाप आहे ती व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलर या चित्रकाराची. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्याने चौकटीत ठासून भरलेली अशीच अक्षरं काढली होती. स्टॅनली माउस आणि अ‍ॅल्टन केली या जोडीचं गुलाबांचा मुकुट घातलेल्या सांगाड्याचं पोस्टर आजही टी-शर्टवर दिसतं. तो सांगाडा एडमंड सलिव्हन या इंग्रज चित्रकाराने उमर खय्यामच्या रुबायांसाठी काढलेला. तोच खय्याम, जो माधव जूलियनांमुळे मराठीत आला. ही मंडळी जुनी पुस्तकं, जुनी पोस्टरं उपसून त्यातून नवं करणारी होती. त्यांचं काम बघताना मला ती मेहनत पहिल्यांदा दिसते.

या सगळ्यांत औपचारिक शिक्षण झालेला एक जण होता, व्हिक्टर मोस्कोसो. जन्म स्पेनचा, वाढला न्यू यॉर्कमध्ये. येल विद्यापीठात योझेफ आल्बर्स या रंगांच्या मोठ्या गुरूकडे तो शिकला. एक रंग दुसऱ्याच्या शेजारी बसला की बदलतो कसा, हे शिकवण्यात आल्बर्सने आयुष्य घातलं. कॉलेजात शिकवलं होतं, अक्षरं सुवाच्य ठेवा, डोळ्यांना टोचणारे रंग शेजारी ठेवू नका. पोस्टरं करायला लागल्यावर मोस्कोसोने ठरवलं, शिकलेलं सगळं उलटं करायचं. पण उलटं करायला आधी सुलटं नीट यावं लागतं. त्याच्या पोस्टरांत रंग नुसते भडक नाहीत, मोजूनमापून भडक आहेत.

रंग थरथरतात कसे? नकाशा आणि सातबारा

मोस्कोसोचं पोस्टर समोर धरलं की लाल अक्षरांच्या कडा निळ्या किंवा हिरव्या पार्श्वभूमीवर अक्षरशः थरथरताना दिसतात. कागद स्थिर, शाई वाळलेली, तरी हलतं. का?

एक तुलना करते. शेतजमिनीची दोन कागदपत्रं असतात: सातबारा आणि मोजणीचा नकाशा. दोन्ही जुळले तर बांध पक्का. सातबाऱ्यावर दोन मालक, आणि नकाशावर मधला बांधच नाही, असं झालं तर? मग बांध आज इथे, उद्या तिथे. भांडण मिटत नाही.

आपल्या दृष्टीतही असे दोन दफ्तरखाने आहेत. एक रंग बघतो: हे लाल, ते हिरवं. दुसरा फक्त उजेड-अंधार बघतो: हे फिकं, ते गडद. वस्तूची कड कुठे आहे, ती हलतेय की स्थिर आहे, किती लांब आहे, हे बहुतांशी हा दुसरा ठरवतो आणि त्याला रंग जवळजवळ कळतच नाहीत. मार्गारेट लिव्हिंगस्टन या मेंदूवैज्ञानिक बाईंनी चित्रकलेच्या संदर्भात हे फार छान उलगडून दाखवलंय. आता चित्रकाराने असा लाल आणि असा हिरवा निवडला की दोघांची उजळी सारखीच, तर काय होईल? पहिला दफ्तरखाना ओरडून सांगतो, इथे कड आहे. दुसरा म्हणतो, माझ्या नकाशावर काहीच नाही. कड दिसते, पण तिला जागा मिळत नाही. तीच थरथर. मावशीची नजर ठरत नव्हती, त्याचं एक कारण हे.

खात्री करून घ्यायची असेल तर मोबाइलवर मोस्कोसोचं एखादं पोस्टर शोधा, त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि फोटो कृष्णधवल करा. जिथे किंचाळणारी अक्षरं होती, तिथे बऱ्याच ठिकाणी करडा सपाट ठिगळ उरतो. अक्षरं विरघळतात. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा तोच फोटो चार वेळा रंगीत आणि चार वेळा कृष्णधवल करून बघितला.

याची उलट बाजू आपल्या दारातच आहे. रांगोळी काढणाऱ्या बाईला विचारा, लाल आणि हिरवा भरून झाल्यावर मधून पांढऱ्याची बारीक रेघ का ओढतेस? ती म्हणेल, "उठून दिसतं." बरोबर आहे. पांढरी रेघ म्हणजे दुसऱ्या दफ्तरखान्याला दिलेला बांध. उजेडाचा फरक मिळाला की कड जागेवर बसते. ट्रकच्या मागे अक्षरं रंगवणारा पेंटरही अक्षराभोवती कड ओढतो, त्याच कारणाने. सायकेडेलिक चित्रकार नेमकी ही रेघ काढून टाकतो.

चक्रं, जाळ्या आणि बोगदे

दुसरा प्रश्न असा की या चित्रांत तेच तेच आकार का येतात? गरगरणारी चक्रं, मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळ्या, कोळिष्टकं, आत आत जाणारे बोगदे. जगातल्या वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळं का दिसत नाही?

हाइनरिश क्ल्यूव्हर या शास्त्रज्ञाने 1920 च्या दशकात हाच प्रश्न धरला. मेस्कलिन या भ्रम निर्माण करणाऱ्या द्रव्याच्या अंमलाखाली लोकांना काय दिसतं याच्या त्याने नोंदी केल्या आणि आकार मोजक्या चार गटांत बसतात असं मांडलं: जाळी, कोळिष्टक, बोगदा आणि वर्तुळी वळण. अर्धशिशीचा त्रास असलेल्या काहींनाही डोकं दुखायच्या आधी नागमोडी, चमकणाऱ्या रेषा दिसतात. त्यात नशेचा संबंधच नाही. म्हणजे हे आकार मेंदूच्या स्वतःच्या रचनेतून येतात.

कसे, याचं गणित बार्ड अर्मेनट्राउट आणि जॅक कोवन यांनी 1979 मध्ये मांडलं. साध्या शब्दांत सांगते. नजरेच्या मध्यभागी जे असतं त्याला मेंदूत ऐसपैस जागा मिळते, कडेला दिसणाऱ्याला दाटीवाटीची. त्यामुळे बाहेरचं गोल दृश्य मेंदूत पोचेपर्यंत उलगडून सरळ होतं. आता उलट विचार करा. मेंदूच्या त्या भागात आपोआपच सरळ पट्टे उमटले, तर आपल्याला ते सरळ दिसणार नाहीत, गोल किंवा वळणदार दिसतील. सोऱ्यातून पीठ सरळच बाहेर येतं, हात फिरतो म्हणून चकली होते. तसे पट्टे मेंदूत सरळ, दृश्यात चकली.

मला यातला सगळ्यात मोठा दिलासा हा वाटतो की हे आकार कुणा पोहोचलेल्याची मिरास नाहीत. ते तुमच्या-माझ्या डोक्यात आहेतच.

पण ही नशेचीच चित्रं ना?

हा आक्षेप टाळून पुढे जाणं बरोबर नाही. अर्धी गोष्ट खरी आहे. एलएसडी हे द्रव्य स्वित्झर्लंडमध्ये आल्बर्ट हॉफमन यांनी 1938 मध्ये तयार केलं. त्याचा मनावर होणारा परिणाम 1943 मध्ये त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आला. साठच्या दशकात ते सॅन फ्रान्सिस्कोच्या तरुणांत पसरलं, आणि 6 ऑक्टोबर 1966 ला कॅलिफोर्नियाने त्यावर बंदी घातली. पोस्टरं त्याच तरुणांसाठी होती, आणि काढणारेही त्यांच्यातलेच होते. हे नाकारून चालणार नाही. भारतात तर 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली एलएसडी जवळ बाळगणं हा गंभीर गुन्हा आहे, आणि या द्रव्यांनी खरोखर उद्ध्वस्त झालेली तरुण माणसं असतात. त्याचं कौतुक या लेखात नाही.

उरलेली अर्धी गोष्ट अशी. चित्र उतरवायला हात स्थिर लागतो. चार रंगांचं छापील पोस्टर म्हणजे प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट, तिची जुळणी, छापखान्याची वेळ. हे काम तारेत होत नाही. शिवाय याच दृष्टीची एक मोठी चित्रकार नशेच्या वाटेला न जाता इथे पोचली. जपानच्या यायोई कुसामा यांना लहानपणापासून ठिपक्यांचे आणि फुलांचे नक्षीकाम सगळीकडे पसरत जाताना दिसायचं, घाबरवायचं. त्यांनी ते ठिपके कॅनव्हासवर उतरवले, भिंतींवर, भोपळ्यांवर, आरशांच्या खोल्यांत उतरवले. 1977 पासून त्या टोकियोतल्या मानसोपचार रुग्णालयात स्वेच्छेने राहतात आणि जवळच्याच स्टुडिओत काम करत आल्या आहेत. त्यांचे गोड दिसणारे ठिपके बघताना हे आठवलं की मी जरा हळू बघते.

आपले देव त्यांच्या पोस्टरवर

इथे गोष्ट आपल्या घरात शिरते. रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या देवादिकांच्या रंगीत तसबिरी घरोघरी पोचल्या. त्यातूनच पुढे कॅलेंडरवरच्या देवांची परंपरा वाढली: चकचकीत रंग, डोक्यामागे किरणांची वलयं, कमळं, अनेक हात. साठच्या दशकात भारतात येणाऱ्या पाश्चात्त्य तरुणांच्या पिशव्यांतून हे कागद परदेशी गेले. विश्वरूपाची तसबीर तर त्यांना आपल्याच स्वप्नासारखी वाटली असणार. एका देहाला असंख्य मुखं आणि असंख्य बाहू. गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुन जे बघून थरथर कापतो, तेच दृश्य बाजारात काही आण्यांना छापील मिळत होतं.

डिसेंबर 1967 मध्ये अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या दुसऱ्या अल्बमचं कव्हर आलं, ते अशाच विश्वरूपाच्या छापील तसबिरीवरून. मधोमध देवाच्या जागी हेंड्रिक्स आणि त्याचे दोन साथीदार. असं सांगतात की खुद्द हेंड्रिक्सला ते पटलं नव्हतं. आपल्या अंगात अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं, ज्यांना तिकडे 'इंडियन' म्हणतात त्यांचं, रक्त आहे असं तो मानायचा. त्याला तो धागा हवा होता, मिळाला भलताच देश!

मला हे कव्हर बघताना आनंदही होतो आणि खुपतंही. आनंद असा की आपल्या कॅलेंडरवाल्यांची रंगांची समज जगाने मानली. खुपतं ते अशासाठी की मूळ तसबीर काढणाऱ्याचं नाव त्यात कुठे नाही, आणि ज्याच्यापुढे कुणीतरी रोज उदबत्ती लावतं त्या रूपाचा नुसता सजावटीचा कागद झाला. "कला आहे, एवढं काय मनावर घ्यायचं?" असं मला म्हणता येत नाही. त्याच वर्षीच्या बीटल्सच्या गाजलेल्या अल्बमवर पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ यांनी थोरामोठ्यांच्या चित्रांची गर्दी जमवली होती. तिच्यात गांधीजीही होते. भारतात लोक दुखावतील या भीतीने ध्वनिमुद्रिका कंपनीने त्यांना काढायला लावलं. म्हणजे काळजी घ्यायचं सुचत होतं, पण ते कुणाच्या बाबतीत सुचेल याचा भरवसा नव्हता.

हीच चित्रभाषा फिरून गोव्याला आली. साठच्या दशकाच्या शेवटी हणजुण्याच्या किनाऱ्यावर हिप्पी उतरले. पुढे नव्वदच्या दशकात 'गोवा ट्रान्स' नावाने जगभर गेलेल्या संगीताच्या रात्री तिथेच सुरू झाल्या. झाडांना मोठे कापडी पडदे बांधलेले, त्यांवर शंकर, ॐ, अळंबी, चक्रं, आणि सगळं जळत्या निखाऱ्यासारखं उजळलेलं. ते पेटलेले रंग म्हणजे फ्लुरोसंट रंग. साधा रंग त्याच्यावर पडलेल्या उजेडातला थोडा परत फेकतो. फ्लुरोसंट रंग डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाशही शोषून घेतो आणि दिसणाऱ्या रंगात बदलून बाहेर टाकतो. म्हणून तो मिळालेल्या उजेडापेक्षा जास्त उजळ वाटतो. लग्नाच्या हॉलमधल्या डीजेच्या जांभळ्या दिव्याखाली पांढरा शर्ट चमकतो ना, तेही हेच. वॉशिंग पावडरीत तसलं द्रव्य असतं.

"आता तर कॉम्प्युटरही काढतो"

काढतो. 2015 मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी 'डीपड्रीम' नावाचा प्रयोग दाखवला. चित्रं ओळखायला शिकवलेल्या प्रणालीला त्यांनी सांगितलं, तुला यात जे किंचितसं दिसतंय ते आणखी ठळक कर, पुन्हा कर, पुन्हा कर. ढगांतून कुत्र्यांची तोंडं आणि डोळेच डोळे उगवले. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द आला, सायकेडेलिक. ढगात आपल्यालाही हत्ती दिसतो, पण आपण तिथे थांबतो. यंत्राला थांबू दिलं नाही, म्हणून तसं चित्र झालं.

यंत्राला दृश्य मिळतं, पण ते कुठे लावायचं आणि कशासाठी, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. मला जास्त काळजी वाटते ती जाहिरातीची, आणि ती जुनी आहे. 1968 च्या सुमाराला एका शीतपेयाने स्वतःला 'कोला नसलेलं' म्हणवत अमेरिकेतले जाहिरातफलक याच लाटांनी आणि इंद्रधनुष्यांनी भरून टाकले. माणसाला थांबवायची युक्ती कळली की ती नुसत्या गाण्याच्या कार्यक्रमासाठी थोडीच राहते? आज भिंत रंगवायला पैसे कोण देतं, ते कोपऱ्यातल्या बोधचिन्हावरून कळतं. सुंदर भिंत आणि नुसतीच चतुर भिंत यांतला फरक करायला मी आता तो कोपरा आधी बघते.

मुंबईत या कलेला जागेचा संदर्भ मिळालेलं एक ठिकाण म्हणजे ससून डॉक. 2017 च्या शेवटी तिथे मोठं कलाप्रदर्शन भरलं. आत भिंतींवर आणि गोदामांत देशोदेशीच्या चित्रकारांचं काम, आणि बाहेर पहाटेचा मासळीचा बाजार, बर्फ, कोळणींचा आवाज, नाकाला झोंबणारा वास. चित्रांत जेवढी नवलाई होती तेवढीच कोळंबी सोलणाऱ्या हातांत. तिथे चित्रं बघताना डोळ्यांबरोबर नाकही कामाला लागत होतं.

मावशीला दिलेलं उत्तर

मागच्या वेळी ती आली तेव्हा आम्ही मुद्दाम चर्चगेटला उतरलो. रस्त्याच्या पलीकडे सावलीत उभं राहून तिच्या मोबाइलवर मी गांधीजींचा फोटो काढला आणि तो कृष्णधवल केला. मोस्कोसोची अक्षरं विरघळली होती, हे तिला आधी घरी दाखवलं होतंच. तिला वाटलं, इथेही आकृती विरघळणार.

उलटं झालं. रंग गेले आणि गांधीजी जास्तच स्पष्ट झाले. कोब्राची रीतच ती आहे: वर रंगांचे तुकडे कितीही उधळलेले असोत, खालचा उजेड-सावलीचा हिशेब तो एखाद्या जुन्या फोटोसारखा चोख ठेवतो. गुलाबी असो की हिरवा, जिथे सावली हवी तिथे तो गडदच लावतो. सातबारा वेडावाकडा, नकाशा पक्का.

मावशीने मोबाइल खाली घेतला, वर भिंतीकडे पाहिलं, परत मोबाइलकडे.

"म्हणजे आत साधेच आहेत," ती म्हणाली. "थांब जरा, मला परत रंगीत करून दे."

मी करून दिला. टॅक्सी दोनदा थांबून निघून गेली, ती बघतच उभी होती.